वाचकांचे प्रश्न : खाल्लं मीठ आणि हेवी मेटल

नागपूरहून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं या वेळी एकाच विषयावर होती: हेवी मेटल या दणदणीत गिटारींच्या रॉक संगीतातल्या गाण्यांत दगाफटका आणि त्याची न चुकणारी फळं इतकी का येतात, आणि मराठीत तसं लिहायचं तर कसं. पत्रं लांबलचक होती. इथे प्रश्नापुरती ठेवली आहेत.

प्र. मुलगा अकरावीत आहे. तो ऐकतो त्या गाण्यांचे शब्द वाचले तर सगळीकडे विश्वासघात, नरक, सूड आणि निवाडा. हे सैतानाच्या पूजेचं संगीत आहे का? – एक आई, प्रतापनगर

नाही. शब्द शेवटच्या कडव्यापर्यंत वाचून पाहा. हा प्रकार ज्यांच्यापासून सुरू झाला असं मानतात त्या ब्लॅक सबाथ या बर्मिंगहॅमच्या बँडचं 'वॉर पिग्ज' हे १९७० चं गाणं घ्या. सेनापती आणि राजकारणी गरिबांच्या पोरांना लढाईत ढकलतात आणि स्वतः मागे राहतात. अखेरीस निवाड्याचा दिवस उजाडतो, तेच लोक गुडघे टेकून माफी मागतात आणि सैतान हसत पंख पसरतो. त्याची इथे कोणी आरती करत नाही. तो वसुलीला आलेला आहे.

कीर्तनातल्या आख्यानाची घडण हीच असते. कंसाचं पाप बुवा चवीनं रंगवतात, कारण पुढे त्याचा शेवट सांगायचा असतो. अर्थात सगळेच बँड इतके सोवळे नाहीत. काहींना फक्त भीती विकायची असते आणि ते दोन गाण्यांत कळतं. काळजी करायचीच तर हेडफोनच्या आवाजाची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते.

प्र. आमचा पाच जणांचा बँड आहे. मित्रानं दिलेल्या दग्यावर मराठीत गाणं केलं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं तर पब्लिक हसून राह्यली. शब्द सोबत पाठवले आहेत. चुकलं कुठं? – हिंगणा रोड

तुमच्या पहिल्या चार ओळी अशा:

तू गद्दार, तू बेइमान
तू केलास माझा अपमान
जळून जाशील एक दिवस
होईल तुझं स्मशान

हे भांडण झालं. गल्लीतलं भांडण ऐकून लोक खिडकीत येतात आणि हसतातच. चार ओळींत तीनदा 'तू' आहे आणि एकदा 'तुझं'. पण त्या 'तू'नं नेमकं काय केलं ते कुठेच नाही. विश्वास काय होता तेच ठाऊक नसेल तर त्याचा घात झाला हे ऐकणाऱ्यानं का मानावं? 'गद्दार' हा निकाल आहे. तुम्ही निकाल आधी वाचून दाखवला आणि खटला चालवलाच नाही.

दुसरी चूक मोठी आहे. 'जळून जाशील' हा शाप बाहेरून चिकटवलेला आहे. जळण्याचा आणि केलेल्या कृत्याचा काही संबंध नाही. मेटलमधली टिकलेली गाणी पाहिलीत तर शिक्षा कृत्याच्याच पोटातून निघते. सबाथचंच 'आयर्न मॅन' घ्या. एक माणूस भविष्यात जातो, जगाचा नाश पाहतो आणि सावध करायला परत येताना चुंबकीय क्षेत्रात सापडून पोलादाचा होतो. ज्यांच्यासाठी तो गेला ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग तो चिडून सूड घेतो, आणि जो नाश टाळायला निघाला होता तोच स्वतःच्या हातानं घडवतो. दगा लोकांनी दिला, फळ लोकांनाच मिळालं आणि मध्ये कोणताही देव यावा लागला नाही.

आयर्न मेडन या बँडचं १९८४ चं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तेरा मिनिटांहून मोठं आहे. ते कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर बेतलेलं. खलाशी शुभ मानलेला पक्षी विनाकारण मारतो. बाकीचे खलाशी आधी त्याला दोष देतात, पण धुकं विरल्यावर 'बरं केलंस' म्हणतात. आमच्या मते गाण्याचा कणा हाच आहे: मान डोलावली आणि तेही वाटेकरी झाले. पुढे ते तहानेनं व्याकूळ होतात आणि एकामागून एक मरून पडतात. मारणारा मात्र जगतो आणि जन्मभर ही गोष्ट सांगत हिंडतो. मरणापेक्षा ही शिक्षा वाईट आहे, म्हणून गाणं तेरा मिनिटं तग धरतं.

तेव्हा लिहायला बसण्याआधी कागदावर चार उत्तरं काढा. शब्द काय दिला होता? तो कुठल्या क्षणी, कुठल्या वस्तूला हात लावून मोडला? त्या बदल्यात काय मिळालं? आणि जे मिळालं तेच पुढे कसं अंगावर येतं? चौथं उत्तर येत नसेल तर गाणं अजून तयार नाही. थांबा.

मराठीला यासाठी उसनं आणायची गरज नाही. खाल्ल्या मिठाला न जागणं हा वाक्प्रचार आपल्याकडे घरोघर आहे. रात्री शत्रूसाठी आतून दार उघडणारा माणूस धरला तर अशा ओळी निघतील:

एका ताटात मीठ वाढलं होतं
तुझ्या बोटांना अजून चिकटून आहे
कडी आतून तूच काढलीस
आता दार लागत नाही

'गद्दार' नाही, 'स्मशान' नाही. ज्या दाराची कडी काढली ते दार पुन्हा लागत नाही, म्हणजे त्याला स्वतःलाही आता कुठे सुखानं झोप नाही. शेवटची ओळ कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, ठेवा. पहिल्या कोरसमध्ये ती तक्रार वाटेल. दुसऱ्या कडव्यात त्याच दारातून त्याच्याकडे कोणी आलं की तीच ओळ, एक अक्षर न बदलता, शिक्षा वाटेल. कोरस प्रत्येक वेळी नव्यानं लिहायचा मोह टाळा.

कोण बोलतंय हेही बदलून पाहा. मेटालिका या बँडच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये बहुतेक बोलणं व्यसनी माणसाचं नाही, त्याच्या व्यसनाचं आहे. तुमच्या गाण्यात मित्राऐवजी ते दार बोललं तर 'तू' कितीही वेळा आला तरी भांडण वाटणार नाही.

प्र. मराठी शब्द रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) बसतच नाहीत. १६० बीपीएमला (मिनिटाला १६० बीट) 'विश्वासघात' म्हणताना जीभ अडकते. इंग्रजीतच लिहावं का? – धंतोली

इंग्रजीत लिहायचं तर आवडीनं लिहा, अडचण म्हणून नको. आधी हिशेब पाहू. १६० बीपीएमला एक बीट ३७५ मिलिसेकंदांचा. सिक्स्टीन्थ नोट म्हणजे त्याचा चौथा भाग, सेकंदाला साडेदहाहून जास्त. घाईत बोलणारा मराठी माणूसही सेकंदाला सात-आठ अक्षरांपुढे फारसा जात नाही. म्हणजे गिटारच्या प्रत्येक ठोक्यावर अक्षर बसवणं कुठल्याच भाषेत सहज जमणार नाही. एटथ नोटवर, म्हणजे अर्ध्या बीटवर, बसवा, सेकंदाला सव्वापाचहून थोडी जास्त होतात. 'आता दार लागत नाही' बोलून मोजा: आ-ता-दार-ला-गत-ना-ही, सात. एका बारमध्ये, म्हणजे चार बीटच्या आवर्तनात, आठ एटथ असतात. सात अक्षरं आणि आठवा ठोका श्वासाला, ओळ आपोआप बसली.

इथे एक गफलत नेहमी होते. कागदावरची अक्षरं मोजली तर 'लागत' तीन अक्षरी आहे, तोंडात मात्र दोनच, ला-गत. अभंगात शेवटचा 'त' पूर्ण म्हणता येतो, कारण चाल संथ असते. मेटलमध्ये तो पूर्ण म्हटलात की बालगीत वाटतं. त्यामुळे लिहून मोजू नका, टाळीवर बोलून मोजा.

'विश्वासघात' बोलताना विश्-वास्-घात् असे तीन जड तुकडे पडतात. ते धावत्या जागी घातले की 'श्वा'पाशी जीभ ठेचकाळणारच. तीन पूर्ण बीट द्या, चौथ्यावर गिटार एकटी सोडा. ब्रेकडाउनला, म्हणजे गाणं संथ आणि जड होतं त्या जागी, हा शब्द फार छान बसतो. 'दगा' उलट आहे, आधी लघू आणि मग गुरू. त्याचा 'द' बीटच्या किंचित आधी घ्या आणि 'गा' बीटवर टाका. 'द' बीटवर आला की 'दग्गा' ऐकू येतं.

आता गॅलप. आयर्न मेडनची ती घोडदौड म्हणजे एक एटथ आणि दोन सिक्स्टीन्थ. तबलजी मित्राला 'धाऽतिट धाऽतिट' म्हणायला सांगा, तीच आहे. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना आठवेल: गुरू-लघू-लघू, म्हणजे भ गण. उलटा गॅलप 'तिटधाऽ', म्हणजे स गण. 'फितुरी' हा शब्द तंतोतंत स गणातला आहे, तो उलट्या गॅलपवर असा बसतो की मुद्दाम घडवल्यासारखा वाटावा. भ गण मात्र आपल्याकडे एका शब्दात क्वचित मिळतो. आपल्या शब्दांचा शेवटचा इ-उ दीर्घ असतो आणि शेवटचा अ बोलण्यात गळतो, त्यामुळे दोन लघूंवर संपणारे शब्द जवळपास नाहीतच. तो तुकड्यांतून जुळवावा लागतो: 'ते न फिटे', 'ते न मिटे'. गुरू-लघू-लघू आणि पुढच्या बीटवर गुरू. ऋण न फिटण्याचा अर्थ त्यात आयताच आहे.

तरी सबंध कडवं गॅलपवर गाऊ नका. घोडदौड गिटारची, आवाज वर लांब स्वरांत तरंगू द्या आणि ओळीच्या शेवटी एकदाच 'ते न फिटे' म्हणून दोघांना एकत्र आदळा. प्रत्येक ओळीला आदळलात तर तिसऱ्या ओळीपासून त्याची किंमत जाते.

घोगऱ्या आवाजात गाणार असाल तर ओळीचं शेवटचं अक्षर आ किंवा ओ ठेवा, घसा मोकळा राहतो. ई आणि ऊ वर ताणलं की आवाज पिचतो. 'ळ' आणि 'ल'चा फरक ग्राउलमध्ये, म्हणजे त्या घोगऱ्या गुरगुरीत, उरत नाही, त्यामुळे 'काळ' हा शब्द महत्त्वाच्या जागी घातलात तर लोकांना 'काल' ऐकू येणार.

प्र. येणारं संकट शब्दांआधी वाजवण्यातून कसं कळवायचं? माझं शिक्षण हार्मोनियमवर झालं आहे. – महाल

मग तुमचं काम सोपं आहे. सा आणि तीव्र मध्यम एकापाठोपाठ वाजवा. ब्लॅक सबाथच्या फेब्रुवारी १९७० मधल्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच अंतरावर उभी आहे: सा, वरचा सा आणि मग तीव्र म, अगदी संथ. दुसरी जागा कोमल रिषभ. सा-वर ठेका धरून मध्येच कोमल रे ला स्पर्श केला की काहीतरी बिनसलंय हे शब्दांशिवाय कळतं.

हा कोमल रे पहिल्या कडव्यात, सगळं गोडीगुलाबीचं चालू असताना, क्लीन, म्हणजे आवाज न फाडलेल्या, गिटारवर एकदाच येऊ द्या. दगा उघड झाल्यावर तोच तुकडा डिस्टॉर्शनसह (आवाज फाडून), निम्म्या लयीत. नवा रिफ आणू नका. ऐकणाऱ्याला 'हे आधीपासूनच इथं होतं' असं वाटलं पाहिजे.

प्र. गिटारिस्ट बँड सोडून गेला आणि आमची दोन गाणी आपली म्हणून वाजवतो. त्याच्यावर गाणं करायचं आहे, त्यात त्याचं नाव घातलं तर? – सदर

नाव घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाण्यासाठी म्हणूनही नाव वाईटच. दहा वर्षांनी तुमचाच राग निवलेला असेल आणि नाव तसंच राहील.

गाण्यांचं म्हणाल तर आधी हे तपासा की ती लिहिली कोणी. कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत. ज्याची कृती त्याचा हक्क, हयातभर आणि पुढे ६० वर्षं, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. चाल त्यानंच बांधली असेल तर तो गेल्यानं ती तुमची होत नाही. मेटालिकानं एप्रिल १९८३ मध्ये डेव्ह मस्टेनला काढलं, तरी जुलैमध्ये निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये चार गाण्यांच्या श्रेयात त्याचं नाव आहे. त्यानं पुढे मेगाडेथ हा बँड काढला हे सगळ्यांना माहीत आहेच. नवं गाणं पक्कं झालं की त्याच दिवशी कागदावर लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, तारीख, सगळ्यांच्या सह्या.

प्र. मेटलच्या गाण्यांतली नॉर्वेची थंडी आणि युरोपातले किल्ले आमच्या काय कामाचे? नागपुरात दग्याचा विषय आहे का? – इतवारी

इतवारीत राहून हे विचारताय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या दारावरून काय जातं? काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे) १८८० च्या दशकापासून निघते आहे. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, अशी आख्यायिका आहे. सबंध शहर 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत तिला गावाबाहेर नेतं आणि जाळतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा बांधली जाते आणि पुन्हा जळते. न संपणारी शिक्षा याहून वेगळी काय असते? गाणं तिच्या तोंडून लिहा: मला जाळता, मग दर वर्षी बांधता कशाला? कोरस जमावाचा, हजार गळ्यांतून येईल असा चार-पाच शब्दांचा. फक्त मिरवणुकीतली आरोळी जशीच्या तशी उचलू नका, तिची लय घ्या.

दुसरा विषय सीताबर्डीची टेकडी. १८१६ मध्ये नागपूरचे दुसरे रघुजी भोसले गेले आणि मुलगा परसोजी गादीवर आला. चुलतभाऊ अप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि आपली बाजू भक्कम करायला त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृत सापडला. गादी अप्पासाहेबांना मिळाली. २६ आणि २७ नोव्हेंबरला ते इंग्रजांवर उलटले तेव्हा टेकडीवर समोर कोण होतं? तहानं ज्यांना नागपुरात पाय रोवू दिला तेच इंग्रज. पुढे पदच्युती, अटक, १८१८ मध्ये शिपायाच्या वेशात पळ, रानोमाळ वणवण आणि १८४० मध्ये जोधपूरला परमुलखात मृत्यू. आधी सांगितलेला चौथा प्रश्न आठवा: जे मिळवलं तेच अंगावर आलं.

एक जपा. परसोजीचा खून अप्पासाहेबांनी करवला हा आरोप इंग्रजांनी ठेवला, आणि तो ठेवण्यात त्यांचा फायदा होता. त्यामुळे गाण्यात निकाल देऊ नका. सीताबर्डीला दोन टेकड्या आहेत, त्यांपैकी लहान टेकडीला बोलू द्या. २७ तारखेच्या सकाळी ती काही काळ भोसल्यांच्या अरबांच्या ताब्यात आली होती. जिंकलो असं वाटण्याचे ते काही तास म्हणजे तुमचा ब्रिज, शेवटच्या कोरसआधीचा वेगळा तुकडा.

प्र. दगा देणाऱ्याला शेवटी पश्चात्ताप व्हावा का? – मनीषनगर

झाला तर चालेल, उपयोग होता कामा नये.

प्र. शब्द मेहनतीनं लिहितो, पण स्टेजवर एक अक्षर कळत नाही. साउंडवाला म्हणतो आवाज वाढवतो, मग फीडबॅक (स्पीकरची शिट्टी) येतो. – कॉटन मार्केट

आवाज वाढवून हे सुटत नाही. व्यंजनांचा स्पष्टपणा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि डिस्टॉर्शनची गिटार नेमकी तिथेच पसरून बसते. ऱ्हिदम गिटारच्या चॅनलवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबलची रुंद काट द्या. एकट्या गिटारला ती किंचित बोथट वाटेल. गिटारिस्ट कुरकुर करेल, करू द्या. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, घरी ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा, स्टेजच्या मोठ्या आवाजात डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं आणि पाम म्यूटचे (तळहातानं तारा दाबून वाजवलेले) ठोके एकमेकांत मिसळतात.

गायक माइकची जाळी मुठीत धरतो का ते पाहा. फोटोत छान दिसतं, पण जाळीमागची छिद्रं झाकली की माइक सगळीकडचं ऐकायला लागतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि फीडबॅक तिथूनच सुरू होतो. दांडी धरा, जाळी मोकळी, ओठांपासून दोन-तीन बोटं.

आणि एप्रिल-मेमध्ये कार्यक्रम असेल तर गिटार एसीच्या खोलीतून काढून थेट स्टेजवर नेऊ नका. आपल्याकडचं ४४-४५ अंश तापमान लागलं की तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो आणि सूर खाली घसरतो, सगळ्या तारांचा सारखा नाही. अर्धा तास आधी केस उघडून स्टेजशेजारी सावलीत ठेवा, तिथेच ट्यूनरवर लावा आणि दर दोन गाण्यांनी तपासा. ड्रॉप सी (गिटार नेहमीपेक्षा खालच्या सुरात) लावत असाल तर ०.००९ इंचाची तार काढून टाका, ढिली पडून फडफडते. ०.०११ इंचापासून सुरू होणारा सेट घ्या.